कॉफी, आईसक्रीम आणि रम: मिक्सरमधून काढायचं की वरून ओतायचं?

खडकवासलेकर (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर त्याने उंच ग्लासांतून कॉफी कॉकटेल दिलं. इन्स्टंट कॉफी, व्हॅनिला आईसक्रीम, दूध, बर्फ आणि रम, सगळं मिक्सरमधून फिरवलेलं. मंडळींनी आवडीने संपवलं. मला मात्र हळहळ वाटली, कारण तेवढ्याच सामानात याहून कितीतरी चांगला पदार्थ झाला असता.

इटलीत आफोगातो करतात. शब्दाचा अर्थ ‘बुडालेला’. आईसक्रीमचा गोळा, त्यावर गरम एस्प्रेसो, आणि हवं असेल तर थोडी अमारेत्तोसारखी (बदामाच्या चवीची) लिक्युअर, म्हणजे गोड मद्य. पहिल्या चमच्याला आईसक्रीम दगडासारखं घट्ट असतं आणि कडेची कॉफी कडू, जीभ भाजेल अशी. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला दोन्ही एकमेकांत उतरायला लागतात. शेवटी तळाशी जे दाट, कोमट उरतं ते वाटी तोंडाला लावून प्यायचं. पाच मिनिटांत चव चार वेळा बदलते. मिक्सर हे सगळं दहा सेकंदांत सपाट करून टाकतो.

माझं प्रमाण: आईसक्रीम साधारण १०० ग्रॅम, मोका पॉटमधली (गॅसवर ठेवून कडक कॉफी काढायचं इटालियन भांडं) कॉफी ४० मिली, ओल्ड मंक १५ मिली. स्टीलची वाटी तासभर फ्रीजरमध्ये ठेवतो. (काचेचा ग्लास फ्रीजरमधून काढून त्यात उकळती कॉफी ओतू नका, तडकतो.) आधी गोळ्यावर रम, मग कॉफी. गरम कॉफीतच रम घातली तर वाफेबरोबर मद्य नाकात चढतं आणि कॉफीचा वास मरतो. १५ मिलीच्या पुढे जाऊ नये. अल्कोहोलमुळे गोठणबिंदू खाली येतो, गोळा लगेच बसतो आणि वाटीत पातळ पाणी उरतं.

मिक्सरवाल्यांचं म्हणणं ऐकायचं आहे.

डेक्कनवाली

मी मिक्सरवाली, आणि तुमचं म्हणणं मुळीच पटलेलं नाही.

तुम्ही इटलीचं मोजमाप आपल्या ग्लासाला लावताय. आपण कोल्ड कॉफी विथ आईसक्रीमवर वाढलेली माणसं. पुण्यात मस्तानी आहे, घट्ट दूध आणि वर आईसक्रीम. कॉलेजात असताना कोथरूडच्या दुर्गाची कोल्ड कॉफी प्यायला आम्ही रांगेत उभे राहायचो, तेव्हा चव चार वेळा बदलावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. शेवटच्या घोटापर्यंत तोच दाटपणा, तोच फेस हवा असायचा. एकसारखेपणा हा त्या पेयाचा गुण आहे.

तुमच्या मित्राची चूक मिक्सरची नाही, बर्फाची आहे. बर्फ घातला की पेय पाणचट होणारच. कडक कॉफी आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सहा खडे, दोन गोळे आईसक्रीम, अर्धा कप थंडगार दूध, ३० मिली रम. मिक्सर थांबवत थांबवत तीन-चारदाच फिरवायचा, सलग चालवला तर गरम होतो आणि फेस बसतो. करून बघा, मग सपाट म्हणा.

माटुंगा ईस्ट

मोका पॉट किती घरांत असतो? आमच्याकडे पितळी फिल्टर आहे. पहिलं डिकॉक्शन मोका पॉटपेक्षा कमी कडक नसतं. फक्त ते थेंब थेंब पडेपर्यंत कोमट होतं, म्हणून भांडं गरम पाण्यात ठेवून तापवून घ्यायचं. थेट गॅसवर ठेवलं तर करपट लागतं.

खडकवासलेकर

डिकॉक्शन चालेल, पण चिकोरीविना (कॉफीच्या पुडीत मिसळतात ते भाजलेलं मूळ). पुडीवर टक्केवारी लिहिलेली असते, ती बघून घ्या. आईसक्रीम मुळात गोड, रमलाही काकवीसारखा गोडसर वास. त्यांना तोडायला कॉफीचा कडूपणा स्वच्छ लागतो आणि चिकोरी तो बोथट करते.

माटुंगा ईस्ट

इथे मी विरुद्ध बाजूला. ८०:२० ची पूड (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी) वापरून बघा. चिकोरीने डिकॉक्शनला अंग येतं, ते आईसक्रीमवर साखरेच्या पाकासारखं रेंगाळतं. नुसती कॉफी सरळ खाली उतरते आणि गोळा वर कोरडाच राहतो. तुम्हीच म्हणता दोघं हळूहळू मिसळायला हवेत, मग सावकाश उतरणारी कॉफी का नको?

आणि आईसक्रीमबद्दल कुणीच बोलत नाहीये! डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात वनस्पती तेल असतं. आईसक्रीम म्हणून विकायचं तर आपल्या नियमांप्रमाणे दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. गरम कॉफी पडली की हा फरक लगेच कळतो, फ्रोझन डेझर्टचा तेलकट थर टाळूला चिकटून राहतो. सारख्या मापाचे दोन डबे हातात तोलून बघा आणि जड असेल तो घ्या. हलक्या डब्यात हवा जास्त.

मिलवॉकीकर

डेक्कनवाली ताईंच्या बाजूने एक साक्ष. मी अकरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आहे. इथल्या जुन्या सपर क्लबमध्ये, म्हणजे निवांत जेवणाच्या घरगुती रेस्टॉरंटांत, जेवणानंतर ब्रँडी अलेक्झांडर मागवतात. मूळ कॉकटेल ब्रँडी, कोको लिक्युअर आणि क्रीमचं, पण इथे क्रीमच्या जागी आईसक्रीम घालून ब्लेंडरमधूनच काढतात. सत्तरीतले आजी-आजोबा ते चमच्याने खातात. त्याला कमी लेखायची हिंमत मला होणार नाही.

त्यावर काय किसून घालतात? जायफळ. पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला आईच्या कॉफीचाच वास आला. आपल्या घरात कॉफीला जायफळ लागतंच, तेव्हा ओता किंवा फिरवा, वर चिमूटभर ताजं जायफळ किसायला विसरू नका. आयती पूड नको, तिला वास उरलेला नसतो.

खडकवासलेकर

जायफळ लगेच मान्य. माझ्या कृतीत आजपासून लिहून ठेवलं.

निर्मला

मला मुळातच हे सगळं पटत नाही. मद्याला माझा सरसकट विरोध नाही, पण आईसक्रीममध्ये लपवून देण्याला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांकडे अशाच वाट्या टेबलावर मांडल्या होत्या. माझा आठ वर्षांचा भाचा आला, आईसक्रीम दिसलं म्हणून त्याने एक वाटी उचलली आणि अर्धी संपवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वास कॉफीचा आणि चव गोड. रात्री उलट्या झाल्या. त्याच वाट्यांपैकी एक मधुमेहाची औषधं घेणाऱ्या काकांच्या हातात जाणार होती, ती आम्ही वेळेवर थांबवली. कॉफीने झिंग कळत नाही हा वेगळा धोका. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) कॅफिन घातलेल्या मद्यपेयांच्या कंपन्यांना इशारा दिला होता, तो याच कारणाने.

ग्लासात रम दिसली तर माणूस ठरवू शकतो. वाटीत ती दिसत नाही. मिक्सरमधल्या पेयात तर अजिबातच नाही.

डेक्कनवाली

निर्मला ताई, हा मुद्दा माझ्याच पद्धतीला जास्त लागू होतो, हे कबूल करते. मी घरी मोठा जग भरून ठेवते. यापुढे मुलं असतील त्या दिवशी जगात रम पडणार नाही.

खडकवासलेकर

ताई, बरं झालं लिहिलंत. मी पाहुण्यांना सांगतो, पण टेबलावर मांडलेली वाटी स्वतःहून काही सांगत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग असं करतो: वाटीत फक्त आईसक्रीम आणि कॉफी. रम प्रत्येकाच्या शेजारी छोट्या ग्लासात, तीही मोठ्यांनाच. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने घालावी, आणि कॉफी आधी पडली तर पडू दे. वासाबद्दलचा माझा हट्ट मी सोडला. मिक्सरबद्दलचा मात्र सोडलेला नाही.

माटुंगा ईस्ट

आणि चिकोरीबद्दलचा?

खडकवासलेकर

शनिवारी दोन वाट्या शेजारी ठेवून करतो. ८०:२० ची पूड आणायला सांगितली आहे.

डेक्कनवाली

काल तुमच्या पद्धतीने केलं, रमशिवाय, मुलीसाठी. तिला पहिला चमचा फार आवडला, तळाचं कोमट तिने तसंच ठेवलं. मी ते थंड करून, दोन कॉफीचे खडे टाकून मिक्सरमधून काढलं आणि तिने ते सगळं प्यायलं.