मदतपेटीचं वाटप, पुढच्या खुर्च्या आणि याकोबाचा दुसरा अध्याय

उंबरठा:
सर्वांना सलाम. आमची सत्तर कुटुंबांची मंडळी, म्हणजे चर्च, आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी अर्पणानंतर गरजूंसाठीची मदतपेटी वेगळी फिरते. आजवर पाळकसाहेब आणि एक पंच मिळून ती वाटायचे. आता मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने नियम लिहायला घेतलेत, तेही बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला पक्षपाताबद्दलचा उतारा (२:१-१३) समोर ठेवून. अडतंय ते असं: सगळ्यांना सारखं द्यायचं की गरज बघून? मंडळीबाहेरच्यांना द्यायचं का? आणि मोठी रक्कम देणारे 'अमुक घरालाच द्या' म्हणतात. नाही म्हटलं तर त्यांचं देणं थांबेल अशी कमिटीला धास्ती आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं.

जैतून:
धास्तीपासूनच सुरुवात करते, कारण गाठ तिथेच आहे. याकोबाच्या त्या उताऱ्यात सभेत दोघं येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. अंगठीवाला दुष्ट आहे असं याकोब म्हणत नाही, मळक्या कपड्यांतला धार्मिक आहे असंही म्हणत नाही. तरी एकाला चांगली जागा मिळते आणि दुसऱ्याला उभं राहायला किंवा पायाशी बसायला सांगितलं जातं. एका नजरेत हिशेब होऊन जातो की हा उपयोगी पडेल, तो पडणार नाही. मंडळी माणसांच्या पैशावर चालते असं आत कुठेतरी वाटत असतं, त्यातून हा हिशेब निघतो. पहिल्याच वचनात याकोब पक्षपात आणि प्रभूवरचा विश्वास समोरासमोर ठेवतो, आणि नवव्यात त्याला सरळ पाप म्हणतो. कमिटीच्या बैठकीत हे मोठ्याने वाचा.

नियम असा करा: पेटीत पडलेला पैसा पेटीचा. देणगीदाराने घर जरूर सुचवावं, ते नाव इतरांसारखंच घरभेटीच्या यादीत जाईल. त्याच घराला द्यायचं असेल तर त्यांनी स्वतः जाऊन द्यावं, डाव्या हाताला कळू न देता (मत्तय ६:३). मंडळीची पावती त्यात नको. हे दोघांनी घरी जाऊन सांगा, उपासनेनंतर चारचौघांत नको. देणं थांबलं तर थांबू द्या. मात्र त्याची तजवीज आधी हवी: कोणालाही कायमचा महिना बांधून देऊ नका. तीन महिन्यांसाठी मंजूर करा, मग पुन्हा बघा. पेटी हलकी झाली तर पुढचं वाटप कमी होईल, पण दिलेला शब्द मोडणार नाही. हातात नसलेले पैसे कबूल करून बसण्याला देवावरचा भरवसा म्हणत नाहीत.

नियम लिहिताच आहात तर खुर्च्याही त्यात घ्या. पुढच्या दोन रांगा कमी ऐकू येणाऱ्यांना आणि काठी घेऊन येणाऱ्यांना. पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बंद. आणि कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव! भोपळा हजारोंना जातो, बोली लावणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि अंड्यांची टोपली घेऊन आलेली विधवा मागच्या भिंतीशी उभी असते. लिलाव ठेवा, पण निम्म्या वस्तूंचे लहान वाटे करा, चार अंडी, पावशेर शेंगा, म्हणजे पन्नास रुपयांतही बोली लागेल. शेवटी नावं आणि रकमा वाचू नका, एकूण बेरीज तेवढी सांगा.

खजिनदार:
वाटपाबद्दल. सगळ्यांना एकसारखं किट म्हणजे निःपक्षपात, हा समज आधी सोडा. एकट्या म्हातारीच्या पिठात अळ्या होतात आणि सात जणांच्या घरात तेच किट दहाव्या दिवशी संपतं. माप माणशी ठेवा. मोठ्या माणसामागे महिन्याला ८ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाऊण लिटर तेल. दहा वर्षांखालच्या मुलामागे निम्मं.

त्याआधी रेशनकार्ड बघा. प्राधान्य गटात माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळतं. अशा घरी पुन्हा तांदूळ नेऊन ठेवण्यापेक्षा डाळ, तेल, गॅस आणि औषधाची चिठ्ठी यांकडे बघा. नव्या सुनेचं किंवा लहान मुलाचं नाव कार्डावर चढलेलं नसतं. तहसील कार्यालयात ते चढवून दिलंत तर ती मदत वर्षानुवर्षं पुरते. निराधार विधवांचा संजय गांधी योजनेचा अर्ज भरून देणं हेही वाटपाचंच काम समजा.

आता वाटायचं कोणी? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकाचा ६ वा अध्याय बघा, पहिल्या मंडळीची गोष्ट आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, तक्रार दाबली नाही, मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्पापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत! ज्यांच्या बायाबापड्या सुटत होत्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाढायला उभे राहिले. तुमच्याकडे कोण सुटतं ते शोधा. बाहेरगावहून आलेले मजूर असतील, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली घरं असतील, मूळच्या जातीवरून आजही अंतर राखलं जातं अशी घरं असतील. त्यांच्यातले निदान दोघं कमिटीत घ्या, त्यातली एक बाई असावी.

मागेल त्याला द्यायचं ठरवलं की बोलक्याला मिळतं, लाजाळू उपाशी राहतो. म्हणून महिन्याला सहा घरं क्रमाने करा, वर्षात सगळी सत्तर होतात. श्रीमंताचं घरही वगळू नका. कर्ज बंगल्यातही असतं. अर्जावरची नावं झाकण्याची युक्ती सत्तर घरांत चालत नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यापेक्षा ज्याचा नातेवाईक असेल त्याने त्या निर्णयापुरतं उठून बाहेर जावं आणि तशी नोंद व्हावी.

वस्तू संध्याकाळी घरी पोचवा. वेदीसमोर वाटप नको, फोटो तर मुळीच नको. पैसे मोजताना दोघं, सह्या दोन, हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर, फक्त घेणाऱ्यांची नावं वगळून. प्रेषित पौलानेही मंडळ्यांची वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली होती (२ करिंथ ८:१८-२१). इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथालय चालवणारे जॉर्ज म्यूलर अनाथालयासाठी माणसांपुढे कधी हात पसरत नसत, केवळ प्रार्थना करत. पण जमाखर्च दरवर्षी छापून देत.

पेरणी:
खजिनदारांशी सहमत, पण एक जोड. जुन्या करारातलं लेवीय १९:१५ गरिबाचीही बाजू धरू नका आणि थोराचीही भीड धरू नका, असं दोन्ही सांगतं. ते न्यायाबद्दल आहे. म्हणजे मदत गरजेप्रमाणे झुकती द्या. पण दोन घरांचं भांडण किंवा उसनवारीचा वाद कमिटीपुढे आला तर तिथे गरिबीकडे बघू नका, खरं काय ते बघा. ही दोन कामं एकाच बैठकीत घेतली की गोंधळ होतो. बैठका वेगळ्या ठेवा.

मंडळीबाहेरच्यांबद्दल: पौलाचं गलतीकरांस पत्र (६:१०) विश्वासातल्या कुटुंबाला विशेष म्हणतं, पण आधी 'सर्वांचं' बरं करा म्हणतं. ठरावीक हिस्सा, समजा पेटीचा दहावा भाग, वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. नाहीतर 'आधी आपले' म्हणता म्हणता तो कधीच उरत नाही. आणि उपासनेला या, प्रार्थना करून घ्या, अशी कसलीही अट नको. लूक १० मधल्या येशूच्या दाखल्यात शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परक्या वाटणाऱ्या, माणसाने वाटेत पडलेल्या जखमीच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिवसांच्या मजुरीइतके दोन दिनार दिले आणि वरचा खर्च परत येताना देईन म्हणाला. जखमीचा धर्म त्याने विचारलेला नाही.

उंबरठा:
खूप आभार. घरभेटीत नेमकं काय विचारायचं?

खजिनदार:
चारच गोष्टी: जेवणारे किती, कमावणारे किती, महिन्याचं औषध केवढ्याचं, व्याजाने काढलेले पैसे आहेत का. डबे उघडून बघू नका. दारू पितो का हे शेजाऱ्याला विचारू नका. तशी शंका असेल तर रोख न देता किराणा द्या, बायकोच्या हाती. दोघांनी जावं, त्या गल्लीतलं कोणी नसावं. आणि चहापाणी: एका घरी चहा घेतला आणि पुढच्या घरी 'नुकताच झाला' म्हणून टाळला, तर त्या घराला त्याचा अर्थ बरोबर कळतो. सहा चहा झेपत नसतील तर सगळीकडे फक्त पाणी घ्या, त्यांच्याच पेल्यातून.