बाळाच्या नाकातील नळी आणि बाटलीतील बुडबुडे

स. न. वि. वि.
फोंड्याला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला ३१व्या आठवड्यात मुलगी झाली असून बाळ बांबोळीला अतिदक्षता विभागात आहे. तिच्या नाकात आखूड नळ्या आहेत आणि शेजारच्या बाटलीतील पाण्यात सारखे बुडबुडे येतात, असे आई फोनवर सांगते. “सरळ व्हेंटिलेटर का लावत नाहीत?” या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही. सभासदांपैकी कोणी जाणकार समजावून सांगतील का?

उत्तर:
ताई, सप्रेम नमस्कार.
मी म्हापशाला बरीच वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. व्हेंटिलेटर लावावा लागलेला नाही ही समाधानाची बाब आहे, हे आईंना आधी सांगा. फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटू न देणारा सरफॅक्टंट हा पदार्थ साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार झालेला नसतो; त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासानंतर त्या मिटू लागतात आणि पुढच्या श्वासाला त्या पुन्हा उघडताना बाळ थकून जाते. अशी बाळे कण्हतात, ते उगाच नव्हे: घसा अर्धवट मिटून ती आतली हवा अडवून धरत असतात. सीपॅप, म्हणजे नाकातल्या या नळ्यांतून सतत हलक्या दाबाने हवा देण्याची पद्धत, हेच काम बाहेरून करते. श्वास बाळ स्वतःच घेते. ही पद्धत जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोहून मांडली.

बाटलीची युक्ती तर विहिरीच्या पाण्याइतकी साधी आहे. नळीचे टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवले की साधारण तेवढ्याच पाण्याचा दाब फुप्फुसांत टिकतो. बुडबुडे थांबले तर बहुधा नाकातली नळी सरकलेली असते किंवा बाळाचे तोंड उघडे राहिलेले असते. अशा वेळी घाबरून न जाता परिचारिकेला सांगावे.

श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिल्यास कोवळ्या फुप्फुसांना इजा होऊ शकते, म्हणून ती वेळ शक्यतो टाळतात. तरीही बाळाला द्याव्या लागणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर जाऊ लागले तर सरफॅक्टंट देण्याचा विचार होतो, आणि श्वास वारंवार थांबू लागला तर व्हेंटिलेटरही लावावा लागतो. तो निर्णय तिथल्या डॉक्टरांवर सोडावा. “ऑक्सिजन वाढवा” असा आग्रह मात्र कोणी धरू नये. रक्तातील ऑक्सिजन ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला बाधतो.

पोट थोडे फुगलेले दिसेल. हवा पोटातही जाते, ती निघावी म्हणून तोंडातून वेगळी नळी घातलेली असते. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच वाटेने आईचे दूधही देता येते, तेव्हा बहिणीने आजपासूनच दूध काढत राहावे.