मदत हवी आहे: समुपदेशकाने बहिणीची गोष्ट रीलमध्ये टाकली

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण खानापूरकडे दिलेली, बेळगावात एका समुपदेशकाकडे जायची. परवा त्यांच्या इन्स्टाग्राम रीलमध्ये 'माझ्या एका क्लायंट'ची गोष्ट आली. नाव नाही, पण नवरा गोव्याला कामाला, काजूची बाग, जावेशी अबोला, सगळं तिचंच. आणि व्हॉट्सॲपवर फिरवलं कुणी, तर जावेनेच!

नाव गाळलं की झालं का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, कलम २४ मध्ये डिजिटल माहितीही येते. पण हे गृहस्थ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीत, अशा सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची (RCI) नोंदणी नाही. मग तक्रार कुठे करायची? अर्ज कन्नडमध्येच लागेल का? स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

बहीण आता तिकडे पाऊल टाकायला तयार नाही. बेळगाव-धारवाडकडे कुणी चांगलं, मराठी समजणारं असेल तर सुचवा. रील न करणारं.