मदत हवी आहे: डॉल्फिनचं मॉडेल पाण्यात पुढेच सरकत नाही

कोथरूडची_आई: मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डॉल्फिन केलाय, शनिवारी शाळेत न्यायचाय. शेपूट वर-खाली हलते, मोटर उत्तम आहे, पण टबात जागच्या जागी मान डोलावतोय. पाणी नुसतं उडतं. काय करू? सामान आणायला तापकीर गल्लीत जायला उद्याचाच दिवस आहे, लवकर सांगा.

निवृत्त_फिटर: शेपटीचा पंखा, म्हणजे टोकाचं आडवं पातं, कशाचा? दांड्याला कसा जोडलाय? फोटो टाका.

कोथरूडची_आई: ॲक्रिलिकचा आहे, साधाच. मोटरबद्दल काही शंका नाही हो, हलतंय सगळं.

सरळ_उपाय: एवढी झटापट कशाला? पोटाखाली खेळण्यातल्या बोटीचा प्रोपेलर बसवा, शेपूट दिसायला ठेवा. आमच्या मुलाच्या पाणबुडीला तेच केलं, पहिलं बक्षीस आलं.

कोथरूडची_आई: विषयच ‘शेपटीने पोहणं’ आहे. प्रोपेलर चालणार नाही.

दापोली_वारी: मुलीला एकदा हर्णै-मुरुडला न्या. सकाळी समुद्र शांत असताना होडीतून पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन दिसतात. शेपटीचा जोर प्रत्यक्ष बघण्यासारखा दुसरा धडा नाही.

जलतरंग: पंखा घट्ट बसवलाय की हलता, ते अजून कळलं नाही.

कोथरूडची_आई: घट्टच. दोन स्क्रू आहेत. सैल ठेवला तर निसटेल ना?

जलतरंग: मग तिथेच अडलंय. डॉल्फिनचा पंखा शेपटीबरोबर नुसता वर-खाली होत नाही, प्रत्येक झटक्यात तिरका होतो. शेपूट वर जाताना मागची कड खाली रेंगाळते, खाली येताना वर. त्या तिरकेपणामुळे विमानाच्या पंखावर तयार होते तशी उचल मिळते आणि ती पुढे झुकलेली असते. म्हणून दोन्ही झटके कामाचे. तुमची ताठ पट्टी पाणी वर-खाली ढकलतेय, मागे काहीच जात नाही.

खऱ्या पंख्यात बाजूंना हाड नसतं. मणक्यांची ओळ मधोमध येऊन संपते, बाकी सगळी चिवट तंतूंची ऊती. दांडा आणि पंखा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी लावा. पंखा लोंबेल इतकी ढिली नको. ॲक्रिलिकची मागची कड पॉलिश पेपरने घासून पातळ करा.

निवृत्त_फिटर: सहमत. डोकं डोलतंय कारण पुढे वजन नाही. नाकाकडे नट-बोल्ट भरा, बुडेल-न-बुडेल इतपत. आणि दांडा गोल असेल तर बाजूंनी चपटा करा. डॉल्फिनचा पंख्याआधीचा भाग तसाच असतो, वर-खाली जाताना पाणी कमी अडतं.

वाचनवेडा: सगळे शेपटीच्या मागे लागलेत, खरं गुपित कातडीत आहे. 1936 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी गणित मांडलं की एवढ्या वेगाला डॉल्फिनचे स्नायू पुरतच नाहीत. म्हणजे कातडीच पाण्याचा अडथळा कमी करत असणार. मॉडेलवर मऊ रबर चढवा.

जलतरंग: ते गणित मागे पडलं. वेग धरला होता जहाजाशेजारून काही सेकंद सुसाटलेल्या डॉल्फिनचा, आणि स्नायूंची ताकद दीर्घकाळ टिकणाऱ्या कामाची. 2014 मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ फ्रँक फिश यांच्या गटाने बुडबुड्यांच्या पडद्यातून डॉल्फिन पोहवून शेपटीचा जोर मोजला. ताकद भरपूर निघाली.

वाचनवेडा: म्हणून कातडीचा वाटा शून्य? पटत नाही.

जलतरंग: टबातल्या मॉडेलसाठी तरी शून्यच धरा. रबराने वजन तेवढं वाढेल.

पेठेतला_वाचक: शेपूट आडवी का, हे परीक्षक नक्की विचारतील, ते मुलीला सांगून ठेवा. यांचे पूर्वज जमिनीवरचे खूरवाले प्राणी. चौखूर धावताना सस्तन प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो, तीच चाल पाण्यात राहिली. मासे डावी-उजवीकडे वळवळतात, म्हणून त्यांची शेपूट उभी. डॉल्फिन देवमाशांच्याच गटातले, आणि जुन्या देवमाशांचे जीवाश्म आपल्या कच्छमध्येही सापडलेत.

जलतरंग: शेपूट सेकंदाला किती वेळा हलते? त्याला वर-खाली अंतराने गुणा आणि पोहण्याच्या वेगाने भागा. डॉल्फिनमध्ये उत्तर साधारण 0.2 ते 0.4 येतं. तुमचं उत्तर त्याहून जास्त, म्हणजे नुसती फडफड होत असेल तर मोटर मंद करा, झटका मोठा ठेवा.

कोथरूडची_आई: ट्यूब लावली, नाकात वजन भरलं. टबाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेला!! मुलगी नाचतेय. पण डावीकडे वळतो, आता काय?

निवृत्त_फिटर: पट्टी एका बाजूला जास्त ताणून चिकटली असेल, किंवा पंखा तिरपा बसलाय. मागून फोटो काढून टाका. आणि वजन मधोमध आहे ना?