इलेक्ट्रॉन ‘फिरतो’ म्हणून शिकवणं आता तरी थांबवा

नांदेडची_मास्तरीण: काल एका क्लासवाल्या सरांची पोस्ट वाचली, “लेकरांना क्वांटम-बिंटम नको, सूर्याभोवती पृथ्वी तसा इलेक्ट्रॉन फिरतो एवढं पाठ केलं की मार्क पडतात.” डोकंच फिरलं म्हणून लिहायलेय. अहो, चार्ज असा गोल फिरला तर एनर्जी बाहेर टाकतो, मग अणू सेकंदाच्या अब्जाव्या भागातच कोसळला असता की! नील्स बोर या शास्त्रज्ञानी १९१३ ला ठरावीक कक्षा चालतात असं गृहीत धरून वेळ मारून नेली, १९२६ ला क्वांटमचं, म्हणजे अणूएवढ्या बारीक जगाच्या नियमांचं, श्रोडिंगरचं समीकरण आलं आणि कक्षाच गेल्या. उरलं ते वेव्ह फंक्शन, त्यावरून इलेक्ट्रॉन कुठं सापडायची शक्यता किती ते कळतं, बस. हायड्रोजनच्या एनर्जीच्या सगळ्यात खालच्या लेव्हलला तर ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचं माप, शून्य. मग फिरायलंय काय?

बॅच_सर: ती पोस्ट माझीच. मॅडम, बोरच्या मॉडेलनं हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या लेव्हलची एनर्जी, उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, बरोबर येते का नाही? नीटला बोरवर प्रश्न येतो का नाही? बाप सोयाबीन विकून फी भरतो, त्याला वेव्ह फंक्शन काय सांगू?

लातूरचा_बाप: सोयाबीनचं नाव काढलंत म्हणून बोलतो. फी, होस्टेल, मेस, दोन वर्षांत एक एकर गेलं माझं. पोरगी रात्री दोनला उठून एस-पी-डी-एफ, म्हणजे ऑर्बिटलचे (इलेक्ट्रॉन सापडायच्या जागांचे) प्रकार, पाठ करायची. पी ऑर्बिटल डंबेलसारखं कामून असतं म्हणून तिनं क्लासात विचारलं, तर उत्तर मिळालं “पेपरात येत नाही”. त्या दिवसापासून पोरीनं विचारणंच सोडलं.

बॅच_सर: दीडशे लेकरं असतात हो एका बॅचला! लातूर पॅटर्नला शिव्या घालणं सोपंय, याच पॅटर्ननं खेड्यातली किती लेकरं डॉक्टर केली ते पण सांगा की.

लातूरचा_बाप: केली, नाही कोण म्हणतंय? माझ्या पोरीचं कुतूहल मेलं, ते कोण भरून देणार?

हिंगोलीकर: भांडा तुम्ही. इकडं औंढ्याला लायगो-इंडिया, म्हणजे लेझरनं गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होऊ घातलंय. तिथला लेझर क्वांटमशिवाय समजत नाही, आणि आपली लेकरं तिथं काय गेटवर उभी राहणार?

नांदेडची_मास्तरीण: सर, हायड्रोजनचं मान्य, उत्तर बरोबर येतं. हेलियमला दुसरा इलेक्ट्रॉन आला की तेच मॉडेल चुकतं, हे पण सांगा. आणि वेळ लागत नाही हो. मी वर्गात सुताची दोरी खिडकीच्या गजाला बांधून हलवली. एक फुगवटा, जोरजोरात हलवली तर दोन, मग तीन. दीड काही केल्या टिकेना. मागच्या बाकावरचं पोरगं म्हणलं, “मॅडम, एनर्जीच्या लेव्हल पण अशाच का?” दहा मिनिटं लागली फक्त.

बॅच_सर: बरं. दोरीचा व्हिडिओ असला तर टाका, दाखवतो बॅचला. पण बोर आधी शिकवणार म्हणजे शिकवणार.

लातूरचा_बाप: मला पण पाठवा. डंबेलचं पण निघतं का त्यातून?

नांदेडची_मास्तरीण: व्हिडिओ नाही काढला. डंबेलला दोरी पुरत नाही, तिथं लाट तिन्ही दिशांना पसरते. पोरीला फोन करायला सांगा दादा, तिला सांगते.