मायक्रोवेव्ह लावला की कानातलं गाणं तुटतं, हे काय प्रकरण?

पोळपाट:
मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर वाटू दे. सकाळी डबे करताना मी ब्लूटूथचे इअरबड्स घालून नाट्यगीतं ऐकते. मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की दीड मिनिट नुसतं खर्र... टक टक... खर्र, आणि टिंग वाजलं की गाणं परत सुरळीत. नवरा म्हणतो स्वस्तातले घेतलेस म्हणून. सासूबाई म्हणतात त्या डब्यातून किरणं बाहेर येतायत, उद्यापासून दूध गॅसवर. आता दुसरी गंमत, घरात फोन हॉलमध्ये ठेवून मी आतल्या खोलीत गेले तरी गाणं चालू राहतं, पण संध्याकाळी मैदानावर चालायला गेले आणि फोन उजव्या खिशात असला की डावा कान सारखा तुटतो. मैदानात तर भिंतीच नाहीत, मग तिथे उलट बरं चालायला नको का?

सोल्डरगन:
बावळट कसला, चांगला प्रश्न आहे. आणि सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत.

ब्लूटूथ, वायफायचा जुना बँड, बरेचसे वायरलेस माऊस आणि तुमचा ओव्हन, सगळे एकाच चाळीतले भाडेकरू, २.४ गिगाहर्ट्झ. हा पट्टा लायसन्स न काढता वापरायला मोकळा आहे म्हणून सगळ्यांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि ओव्हन साधारण २४५० ला, म्हणजे ऐन मधोमध. आता ताकद बघा, ओव्हन ८०० वॅटचा धरा आणि ब्लूटूथच्या नेहमीच्या क्लासची कमाल मर्यादा २.५ मिलीवॅट. ओव्हनच्या दारातून एक लाखावा भाग जरी निसटला तरी ते ८ मिलीवॅट झाले, म्हणजे ब्लूटूथच्या तिप्पट आवाजात कुणीतरी शेजारी बसून ओरडतंय. माणसाला त्याने काही होत नाही, ओव्हनसाठी ठरलेली मर्यादा ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅट आहे आणि लांब जाल तसं ते झपाट्याने कमी होतं. दार नीट लागत असेल, बिजागरी आणि कडा शाबूत असतील तर दूध आहे तिथेच राहू द्या.

राहिला टक टक चा प्रश्न. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारी नळी, विजेच्या अर्ध्या फेरीतच चालतो, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालू-बंद. त्या मधल्या फटीत ब्लूटूथ आपलं पॅकेट, म्हणजे गाण्याचा छोटा तुकडा, घुसवतो, नाही पोचलं तर परत पाठवतो. इअरबड्समध्ये गाण्याचा थोडा साठा असतो तो पुरेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही, साठा संपला की खर्र.

शिवाय क्लासिक ब्लूटूथ एका जागी बसत नाही, ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारतो, आणि २००३ च्या १.२ व्हर्जनपासून खराब चॅनल हेरून टाळायलाही शिकलाय. पण त्याला किमान २० चॅनल हातात ठेवावे लागतात, वायफायची गर्दी असेल तर पळायला जागा कमी. तुमच्याकडे शेजारपाजारची वायफाय किती दिसतात? आणि दूध गरम होताना फोन नेमका कुठे असतो?

गुगलगाय:
सोपं आहे हो, २.४ ही पाण्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी आहे, म्हणूनच ओव्हनमध्ये पाणी तापतं आणि ब्लूटूथ शरीरात शोषला जातो.

सोल्डरगन:
@गुगलगाय, हे व्हॉट्सॅपवर फिरतं पण चूक आहे. पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४ ला त्यामानाने कमी शोषतं आणि तेच बरंय, नाहीतर बटाटा फक्त सालीलगत शिजला असता आणि आत कच्चा. पण शरीर ब्लूटूथ खातं हे मात्र खरं आहे, आपण बहुतेक पाणीच. म्हणजे मैदानाचं कोडं सुटलं. उजव्या खिशातून डाव्या कानाला सरळ वाट नाही, मध्ये अख्खी बाई उभी! घरात तोच सिग्नल भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटून वळसा घालून डाव्या कानात पोचतो. मैदानात आपटायलाच काही नाही, जे गेलं ते आकाशात. ज्या बाजूचा कान तुटतो त्या बाजूला फोन ठेवून बघा, दंडाला बांधला तर आणखी उत्तम.

बदलापूर_फास्ट:
यावरून माझं आठवलं. घरून काम करताना माझा वायरलेस माऊस मध्येच दारू प्यायल्यासारखा चालायचा, सेल बदलले, माऊसपॅड बदललं, शेवटी माऊस पण बदलला. मग एके दिवशी लक्षात आलं की बॅकअपची हार्ड डिस्क लावली की तेव्हाच होतंय. यूएसबी ३ ची केबल चालू असताना जो गोंगाट करते तो नेमका २.४ च्या आसपास पसरतो आणि माऊसचा डोंगल (कॉम्प्युटरला खोचायचा छोटा रिसीव्हर) त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. दीडशे रुपयांची एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर माऊसशेजारी आणला, संपलं. जुना माऊस आता पोरगा वापरतोय, ठणठणीत आहे.

गुगलगाय:
@सोल्डरगन बरं बाबा मान्य. पण मग ही उड्यांची आयडिया त्या हॉलीवूडच्या नटीची ना? हेडी लमार?

सोल्डरगन:
अर्धवट. तिला आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलला १९४२ मध्ये टॉर्पेडोच्या रेडिओसाठी पेटंट मिळालं होतं. त्यात ८८ फ्रिक्वेन्सी, पियानोच्या पट्ट्यांइतक्या, आणि दोन्ही टोकांना छिद्रं पाडलेली एकसारखी कागदी पट्टी फिरवून एकाच वेळी उडी. तत्त्व तेच, पण ब्लूटूथ हे नव्वदच्या दशकात एरिक्सनच्या लोकांनी सुरू केलेलं काम आहे, तिने ब्लूटूथ शोधला म्हणणं ओढूनताणून होतं. असो, पोळपाटताई फोन कुठे असतो ते सांगा आधी.

पोळपाट:
सांगते, पण हसायचं नाही. मायक्रोवेव्हच्या वर. पीठ लागू नये म्हणून तिथेच ठेवते 🙈 वायफायची नावं मोजली, डोंबिवलीत बिल्डिंगला बिल्डिंग लागून, सव्वीस दिसली!

आज फोन खिडकीत ठेवला. दूध चालू असताना दोनदाच तुटलं, नाहीतर सलग. आमचा राउटर पण नवऱ्याने ५ गिगाहर्ट्झवर टाकून दिला पण त्याने फरक पडला की खिडकीने ते कळायला मार्ग नाही कारण दोन्ही एकदमच केलं. सासूबाईंना ८ मिलीवॅटचा हिशोब सांगितला, त्या म्हणाल्या गॅसवरच्या दुधाला साय चांगली येते, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अजून एक, फोन आला की त्याच इअरबड्समध्ये आवाज एकदम पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा का होतो? गाणं तर छान वाजतं.

सोल्डरगन:
आधी शंभर टक्के हसलो. गाणं एकाच दिशेने येतं तेव्हा सगळी जागा त्यालाच. कॉल आला की तुमचा माइकही परत पाठवावा लागतो, तोही उशीर न करता, म्हणून ब्लूटूथ वेगळ्या जुन्या पद्धतीवर उतरतो, दोन्ही कानांत एकच आवाज आणि सेकंदाला आवाजाचे फक्त ८ किंवा १६ हजार नमुने. गाण्याला बहुधा ४४ हजार शंभर असतात. लॅपटॉपवर मीटिंग असेल तर माइक लॅपटॉपचा निवडा आणि इअरबड्स फक्त ऐकायला ठेवा, डबा जाईल.