मदत हवी आहे: संस्थेच्या संचालकांसाठी डी अँड ओ (डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स) इन्शुरन्स

नमस्कार मंडळी, फोंड्याला आमची छोटी पतसंस्था आहे, मी दोन वर्षं संचालक मंडळावर आहे, मानधन काहीच नाही. मागच्या महिन्यात एका ठेवीदाराने कर्जवाटपावरून आम्हा सगळ्यांना वैयक्तिक नावाने वकिलाची नोटीस पाठवली आणि तेव्हापासून घरी झोप नाही, उद्या माझ्या घरावर आलं तर?

एजंट म्हणतो डी अँड ओ पॉलिसी घ्या. मी वाचलं त्यावरून समजलं ते असं की निर्णयातल्या चुकीबद्दल दावा आला तर वकिलाचा खर्च आणि भरपाई मिळते, सिद्ध झालेल्या फसवणुकीला कव्हर नाही. पण ही क्लेम्स-मेड असते, म्हणजे दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू हवी, आणि आधीच माहीत असलेलं प्रकरण बहुतेक वगळतात. मग आमची नोटीस गेलीच ना? प्रपोजल फॉर्ममध्ये ती लिहायचीच, लपवणार नाही, पण पुढच्या दाव्यांना तरी उपयोग होईल का?

आणि राजीनामा दिल्यावर जुन्या निर्णयांवर दावा आला तर रन-ऑफ कव्हर (म्हणजे पद सोडल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं कव्हर) वेगळं घ्यावं लागतं का? गोव्यात कोणी सहकारी संस्थेसाठी घेतली असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे.